वाट बघणाऱ्यांचा रकाना

आमच्या घरात केस कापायचे असले तरी आधी पर्याय मांडावे लागतात. मी म्हणाले, "आई, मला केस कापायचेत," की ती हातातला कप खाली ठेवते, चष्मा कपाळावर सरकवते आणि विचारते, "पर्याय?" मग मी बोटांवर मोजत सांगायचं: पर्याय एक, आहेत तसे ठेवणे. पर्याय दोन, खांद्यापर्यंत. पर्याय तीन, मानेपर्यंत, आणि शाळेत आठवडाभर सगळ्यांच्या माना माझ्याकडे. ती विचार करते आणि शिफारस देते. शिफारस नेहमी पर्याय दोन असते. मी नेहमी पर्याय तीन करून येते. तरीही आमचं छान चालतं.

आई नगरपालिकेत काम करते. सभेपुढे जे विषय येतात, त्यांचे अहवाल ती तयार करते. निवडून आलेले नगरसेवक भाषणं करतात आणि हात वर करतात, पण हात कशासाठी वर करायचा हे त्यांना आईच्या कागदांवरून कळतं. बागेतले दिवे बदलायचे का, भाजी मंडईचं छप्पर पाडायचं की दुरुस्त करायचं, पाळीव कुत्र्यांची नोंदणी सक्तीची करायची का. विषय कुठलाही असो, अहवालाचा साचा एकच: विषय, पार्श्वभूमी, पर्याय, शिफारस. त्यात 'मी' हा शब्द येत नाही. विशेषणं येत नाहीत. एखाद्या खात्याकडून आलेल्या मजकुरात 'दुर्दैवी' असा शब्द सापडला की तो खोडताना आईचा चेहरा डास मारल्यासारखा समाधानी होतो.

आणि पर्याय एक नेहमी तोच असतो. आहे तसे ठेवणे. काहीही न करणे.

"हा कुणी निवडतं तरी का?" मी एकदा विचारलं होतं.

"क्वचित. पण लिहावा लागतो. काहीच केलं नाही तर काय होत जाईल, हे लोकांना दिसलं पाहिजे."

हे ती किती सहज बोलून गेली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ते मी तिला सांगितलं नाही. मला बाबा आठवला होता.

बाबा नदीपलीकडे राहतो. तो सायकली दुरुस्त करतो. पूर्वी त्याचं दुकान आमच्याच गल्लीत होतं. मग ती इमारत पाडली, आणि त्याला बरी जागा मिळाली ती थेट पलीकडच्या काठावर. आईची नोकरी इकडे, माझी शाळा इकडे. सुरुवातीला तो रोज कामगारांच्या बोटीने यायचा-जायचा. मग दुकानावरच्या खोलीत एक गादी आली. मग स्टोव्ह. मग त्याचे हिवाळ्याचे कपडे हळूहळू तिकडे गेले. कुणी दार आपटलं नाही, कुणी रडलं नाही, वकील तर नाहीच नाही. दोघांनीही पर्याय एक निवडला आणि दोन वर्षं गेली. आता आई आणि बाबा एकमेकांशी बोलतात ते माझ्यामार्फत. "तुझ्या आईला सांग, विम्याचं पत्र तिकडेच आलं असेल." "तुझ्या बाबाला सांग, आलंय." मी म्हणजे दोन पायांचं टपाल.

मला मिळतो तो शनिवार. रोजच्या बोटी पहाटे आणि संध्याकाळी, कामावर जाणाऱ्यांसाठी. रविवारी बोट नाही. शनिवारी एकच असते: दुपारी तीनला आमच्या काठावरून निघते, पलीकडे थांबते आणि सहाला परत निघते. मधले ते तास माझे आणि बाबाचे. तो मला चाकाचे आरे ताणायला शिकवतो, मी त्याला शाळेतल्या सगळ्यांच्या नकला करून दाखवते. या वर्षी मी वर्गात बोलायला लागलेय. म्हणजे आधी मला प्रश्न विचारला की कान लाल व्हायचे, आता मला गप्प बसवायला शिक्षकांना घसा खरवडावा लागतो. हे कसं झालं मला माहीत नाही, पण बाबाला मी सांगते तेव्हा तो पाना खाली ठेवून ऐकतो. पाना खाली ठेवून तो दुसऱ्या कुणाचंच ऐकत नाही.

बोट नदीच्या मध्यावर आली की पलीकडच्या धक्क्यावर काहीतरी चमकतं. ते बाबाचं चाक. तो एक सुटं चाक दांड्यावर धरून डोक्याच्या वर फिरवतो, म्हणजे ऊन त्याच्या कडेवरून उड्या मारत मला येऊन लागतं. सहाला परत निघालं की मात्र सूर्य चुकीच्या बाजूला असतो. तेव्हा चाक चमकत नाही. तरी तो फिरवत राहतो, आणि मला ते लहान-लहान होत गेलेलं दिसत राहतं. घरी येऊन मी जेवते, अभ्यास करते, बडबड करते. पण रविवारी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा जे आठवतं ते तेच, न चमकणारं चाक.

तर असं सगळं असताना एका सोमवारी मी जेवणाच्या टेबलावर पाणी ठेवायला गेले आणि आईच्या कागदांवरचा मथळा वाचला. 'विषय: शनिवारची बोटफेरी बंद करणेबाबत.'

मी तांब्या कागदांना लागूनच ठेवला.

"आई, हे काय आहे?"

तिने कागदावर तिची लिहायची लाकडी पाटी पालथी ठेवली. "सभेआधी अहवाल घरात फुटत नाही. तुला माहितीये."

"फुटला. मी वाचला. बंद?"

"प्रस्ताव आहे. प्रवासी कमी आहेत. वाहतूक खात्याने मांडलाय."

"आणि मी?"

"पूल आहे."

पूल आहे, पण कुठे आहे? इतका वर की दोन बस बदलून, तिकडे उतरून, पुन्हा नदीकाठाने खाली यायचं. मी बाबाच्या दुकानाशी पोहोचेन तेव्हा परत निघायची वेळ झालेली असेल. हे सगळं मी एका दमात सांगितलं. हातवारे करून. एक चमचाही पडला.

आईने चमचा उचलला. "हे तू मला सांगू नकोस."

"मग कुणाला सांगू? लिहितेस तू."

"लिहिते म्हणूनच. अहवालात मी नसते. तूही नसतेस."

"आणि बाबा?"

ती कागद उचलून आत गेली. मी तिथेच उभी राहिले आणि मला पहिल्यांदा एक शंका आली, ती अशी की, हिला बोट बंद झालेलीच हवी असेल तर? एकदा शंका शिरली की ती घरातली सगळी भांडी वाजवते. मी दोन दिवस आईशी फक्त 'हो' आणि 'नाही' बोलले. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते मला ओळखणारे समजतील.

गुरुवारी आई नेहमीपेक्षा लवकर आली. चपला काढताना एक चप्पल कोनाड्यात, एक दारात. अहवाल परत आला होता.

अहवाल आधी सचिवबाईंकडे जातो. सचिवबाई म्हणजे आईच्या वरिष्ठ. त्यांच्या लाल पेनाला सगळं कार्यालय टरकून असतं. त्यांनी पहिल्याच पानावर एक गोल काढला होता आणि बाहेर दोन शब्द लिहिले होते: 'स्थळपाहणी कधी?'

हे वाचून मी आईकडे बघतच राहिले. कारण आई पाहणीशिवाय लिहीतच नाही. गटाराच्या झाकणांच्या विषयासाठी ती रस्त्यावर गुडघ्यांवर बसून आली होती. कुत्र्यांच्या विषयासाठी बागेत जाऊन दोनदा चाटून घेऊन आली. आणि बोटीच्या विषयाला ती गेली नव्हती. तिकिटांचे आकडे मागवले, टेबलावर बसून मांडले, संपलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर आईने त्याला आठवडाभर फैलावर घेतलं असतं.

"विसरलीस?" मी विचारलं.

"वेळ नव्हता."

"तुला?"

"जेव गप."

पण तिचे कान लाल झाले होते. माझे कान कुणाकडून आलेत ते तेव्हा कळलं. आणि शंकेची भांडी वाजायची थांबली. तिला बोट बंद व्हायला नको होती, चालू राहायलाही नको होती. तिला बोटीत बसायचंच नव्हतं.

शनिवारी आम्ही दोघी धक्क्यावर गेलो. आईने ऑफिसचे कपडे घातले होते, हातात लाकडी पाटी, पाटीच्या चिमट्यात कागद, कानामागे पेन्सिल. वाटेत ती मला बजावत होती. "मी धक्क्यावर बसणार. तुझे तास तू घे. मी बोटीच्या पाहणीला आलेय, पलीकडच्या काठाच्या नाही."

तिकीट देणाऱ्याला सगळे शिट्टीमामा म्हणतात, कारण तो बोलण्याआधी शिट्टी वाजवतो आणि कधीकधी बोलण्याऐवजीही. त्याने आईच्या हातातली पाटी बघितली, टोपी सरळ केली आणि स्वतःच्या बाहीने बाक पुसला.

"पाहणी का? बसा बसा. तुम्हाला तिकीट नको."

"द्या तिकीट," आई म्हणाली. "नाहीतर मोजणीत मी येणार नाही."

"तुम्हीच मोजणार आणि तुम्हीच मोजल्या जाणार?"

"हो."

मामाने एक बारीक शिट्टी मारली आणि तिकीट फाडून दिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आज जरा गर्दी करायला सांगायचं होतंस की गं. मी माझी बायको आणली असती."

बोट सुटली. आई माणसं मोजत होती, बाकं मोजत होती, जीवरक्षक पट्टे तपासत होती. पाणी तपकिरी आणि संथ होतं. मध्यावर आलो आणि पलीकडे चमकलं.

मी तिला ते दाखवलं नाही. मुद्दामच. मला बघायचं होतं.

"तिकडे काय चमकतंय?" आईने पेन्सिल न उचलता विचारलं.

"चाक."

"कसलं?"

"सायकलचं. बाबा फिरवतो. दर शनिवारी."

तिने मान वर केली. ऊन तिच्या चष्म्यावर आलं, गेलं, पुन्हा आलं. मग तिने खाली बघून काहीतरी लिहिलं आणि लगेच खोडलं. विशेषण असावं.

धक्क्याला लागलो तेव्हा बाबा नेहमीच्या खांबाशी उभा होता. त्याने आधी मला पाहिलं, मग माझ्या मागे. त्याच्या हातातलं चाक फिरतच राहिलं, त्याचे हात मात्र थांबले.

"आलीस?" तो म्हणाला.

"पाहणीला आलेय," आई म्हणाली.

"कुणाच्या?"

"बोटीच्या."

"बरं," बाबा म्हणाला. "बोट मजेत आहे."

मला हसू फुटलं, पण ते मी खोकल्यात घातलं. आजूबाजूला उतरणाऱ्यांचं मिठ्या मारणं चालू होतं. एक आजी नातवाच्या डोक्यावरून, पाठीवरून, दप्तरावरूनसुद्धा हात फिरवत होती. एका माणसाचा कुत्रा उतरलेल्या बाईभोवती दोरी गुंडाळत गोल फिरत होता. दोन पोरं कुणाच्या तरी मावशीची पिशवी ओढत होती. आईची पेन्सिल उतरणाऱ्यांवर टिकटिक करत होती. मग हळूहळू सगळे पांगले आणि धक्क्यावर आम्ही तिघंच उरलो.

आई बाकावर बसली, अगदी कडेला, जणू बाकी बाक राखीव आहे. मी आणि बाबा दुकानाकडे निघालो. चार पावलं गेलो आणि बाबा थांबला.

"पळ, आतून स्टूल आण. आणि ते मागचं वाकडं चाक. आणि आरेपाना."

"इथे?"

"उजेड चांगला आहे इथे."

दुकानात उजेड नेहमीच चांगला असतो. पण मी पळाले.

आणि तसा तो आमचा शनिवार धक्क्यावर भरला. बाबा स्टुलावर, मी जमिनीवर, आई बाकाच्या कडेला. बाबा चाक फिरवायचा, अंगठा कडेला धरायचा, कुठे लागतंय ते ऐकायचा. टिक. टिक. टिक. माझ्यासारखीला इतकी शांतता म्हणजे श्वास कोंडल्यासारखं, पण मी जीभ दातांखाली धरून ठेवली.

"प्रवाशांशी बोलावं लागतं," आई शेवटी कागदाकडे बघत म्हणाली. "सगळे निघून गेले."

"मी आहे ना," मी म्हणाले.

"तू माझी मुलगी. तुझं मत धरता येत नाही."

"मग माझं धर," बाबा म्हणाला.

"तू..." आई थांबली. मग तिने पाठ ताठ केली आणि ऑफिसातला आवाज काढला, तो टेलिफोनवरचा. "आपण ही बोट किती वेळा वापरता?"

बाबाने चाक थांबवलं. त्यानेही पाठ ताठ केली. "कधीच नाही, बाई."

"मग आपलं मत कसं घेणार?"

"मी वाट बघतो. दर शनिवारी. म्हणजे धक्क्यावर येतो दुपारी, पण सुरुवात शुक्रवारीच होते."

"वाट बघण्याला रकाना नाही."

"का बरं?"

"त्याला तिकीट लागत नाही."

बाबाने चाकाला हलकेच टिचकी मारली. ते फिरलं. "मग मीच चुकलो. दोन वर्षांत एकदा तरी तिकीट काढून तिकडे यायला हवं होतं."

आईचा ऑफिसातला आवाज कुठेतरी पडला. "कुणी अडवलं होतं?"

"कुणी नाही. तुला?"

टिक. टिक. चाक अजून वाकडंच होतं.

"बोट बंद झाली तर?" आईने विचारलं. आता ती कागदाकडे बघत नव्हती.

"तर मी शनिवारी दुकान उघडं ठेवीन."

"आत्ताही उघडंच असतं की."

"नाही," बाबा म्हणाला. "शनिवारी दुपारनंतर दारावरची पाटी उलटी असते, 'बंद'. विचार हिला."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी दोन वर्षं टपाल पोहोचवलं, पण हे कधी सांगितलंच नव्हतं, कारण मला हे सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. शनिवारी तो माझा असतो, एवढंच मला माहीत होतं.

सहाला आम्ही निघालो. सूर्य चुकीच्या बाजूला होता. बाबाने चाक वर धरलं आणि फिरवलं, आणि आई शेवटपर्यंत पाठीमागे वळून बसली होती. "मोजत होते," ती नंतर म्हणाली. काय, ते मी विचारलं नाही.

रविवारभर तिने अहवाल पुन्हा लिहिला. टेबलावर पालथी पाटी नव्हती. पार्श्वभूमीत तिला एक नवा परिच्छेद घालायचा होता आणि त्याला नाव सापडत नव्हतं.

"'धक्क्यावर उपस्थित राहणारे नागरिक,'" तिने वाचून दाखवलं.

"असं वाटतं त्यांना दंड होणार आहे."

"'प्रतीक्षार्थी?'"

"आई, अगं ते काय परीक्षेला बसलेत का?"

ती हसली. खूप दिवसांनी, दात दिसतील असं. मग पेन उचलून तिने लिहिलं: 'वाट बघणारे.' बघितलं. खोडलं नाही. खाली लिहिलं, साध्या शब्दांत, की बोटीत बसणाऱ्यांइतकेच लोक धक्क्यावर उभे असतात, त्यांची नोंद कुठेही होत नाही, आणि बोट त्यांच्यासाठीही येते. एकही विशेषण नाही. मी वाचलं आणि माझ्या नाकात झिणझिण्या आल्या.

मग पर्याय. पर्याय एक, फेरी आहे तशी ठेवणे. दोन, एक आड एक शनिवारी चालवणे. तीन, बंद करणे. आणि शिफारस या शब्दाखाली तिने काहीच लिहिलं नाही.

"विसरलीस?"

"नाही."

सोमवारी ती सचिवबाईंकडे गेली आणि तिने सांगितलं की या विषयात तिच्या घरच्यांचा संबंध आहे, तिने तो आधीच सांगायला हवा होता, आणि शिफारस तिने करणं बरोबर नाही. सचिवबाईंनी लाल पेन खाली ठेवलं म्हणे. इतक्या वर्षांत आईने पहिल्यांदाच काही अर्धं दिलं होतं. शिफारस लिहायचं काम टाचणीकाकांकडे गेलं. हे आईचे शेजारच्या टेबलावरचे सहकारी. ते कागद, पडदे, प्रसंगी स्वतःच्या शर्टाचं बटणही टाचणीने टाचतात. स्वभाव तसाच, कुठलीही दोन टोकं दिसली की मधोमध टाचायचं.

"म्हणजे शिफारस पर्याय दोन," मी म्हणाले.

"शक्य आहे."

"तू लिहिली असतीस तर?"

आईने चष्मा पुसला. "मी लिहिली असती तर मला कधीच कळलं नसतं, ती मी लिहिली की माझ्या घराने." मग चष्मा डोळ्यांवर ठेवून म्हणाली, "पण आता अहवाल माझा नाही. आता तू सभेत बोलू शकतेस."

सभेत नागरिकांना तीन मिनिटं मिळतात. मी चार दिवस भाषण तयार केलं. त्यात नदी होती, आकाश होतं, 'माननीय' सहा वेळा होतं. आरशासमोर म्हटलं, मैत्रिणीला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, शेवटी जरा रड. मी म्हणाले, बघू.

सभागृहात नगराध्यक्षांची खुर्ची बाकीच्यांपेक्षा एक वीत उंच असते आणि मायक्रोफोनची मान कायम पडलेली असते. कर्मचाऱ्यांच्या टेबलावर टाचणीकाका एकटे बसले होते. आई माझ्या शेजारी होती, लोकांच्या बाकावर. ती तिथे आधी कधीच बसली नव्हती. तिच्या हातांना काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून ती त्यांवरच बसली होती.

एका जाड चष्म्याच्या नगरसेवकांनी विचारलं, "हे वाट बघणारे. हे काय प्रकरण आहे? यांना मोजलं कुणी?"

टाचणीकाकांनी आईकडे पाहिलं. आईने ओठ मिटले. तिला बोलता येत नव्हतं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

मी उठले, मायक्रोफोनची मान वर केली, आणि माझं सगळं भाषण, नदी, आकाश, सहाच्या सहा माननीय, पार धुऊन गेलं. जुने लाल कान परत आले. मी मायक्रोफोन घट्ट धरला. मग म्हणाले, "त्यांना मोजलं नाही. त्यांना बघितलं. माझा बाबा त्यात आहे. तो खांबाशी उभा असतो आणि चाक फिरवतो, म्हणजे मला मध्यावरूनच कळतं की तो आलाय. तो इथे येऊन सांगू शकत नाही, कारण ही सभा संपेल तेव्हा परत जायला बोट नाही. तर त्याच्या वाटची मी आलेय. आम्ही वेगळं ठरवून राहत नाही. ते असंच होत गेलं. बोट बंद केलीत तर तेही असंच होऊन जाईल, आणि कुणी ठरवलं नव्हतं असं सगळे म्हणतील. एवढंच."

मिनिटं उरली होती. मी ती तिथेच सोडून आले.

बाकावर बसले तेव्हा आईने एक हात स्वतःच्या खालून काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मतदान झालं. पर्याय एकसाठी काही हात वर झाले, जाड चष्मेवाल्यांचाही होता, पण पुरले नाहीत. पर्याय दोन मंजूर. एक आड एक शनिवार. टाचणीकाका माझ्याकडे बघून ओशाळं हसले. मी पण हसले. अर्धं मिळालं की माणसाला रडताही येत नाही धड.

मग आला पहिला रिकामा शनिवार. दुपारी मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. पुस्तक उघडलं, मिटलं. केस विंचरले, मानेपर्यंतचे, त्याला कितीसा वेळ लागणार? शेवटी चपला घातल्या.

"कुठे?" आईने विचारलं.

"धक्क्यावर."

"आज बोट नाही."

"माहितीये."

मी फाटकापाशी पोहोचले तर मागे तिच्या चपला वाजल्या. ऑफिसचे कपडे नव्हते, पाटी नव्हती, पेन्सिल नव्हती. घरातला जुना सदरा होता, बाहीला हळदीचा डाग.

धक्का रिकामा होता. बोट साखळीला बांधलेली, बाकांवर ताडपत्री. शिट्टीमामाही नव्हता. नदी तेवढीच रुंद होती, उलट जरा जास्तच वाटत होती. आम्ही खांबाशी उभ्या राहिलो. पलीकडचा काठ म्हणजे एक करडी रेघ, तिच्यावर पत्र्याची छपरं, कुठेतरी त्यातलं एक बाबाचं. मी डोळे बारीक करून बघत राहिले. त्याला निकाल माहीत होता, मीच सांगितला होता. त्यामुळे तो येणार नव्हता. मला ते माहीत होतं. तरी बघत राहिले.

आणि चमकलं.

एकदा. मग थांबून पुन्हा. रेघेवर, अगदी आमच्या समोर.

आईने हात कपाळाशी धरला. मला वाटलं ती हात हलवेल, पण इतक्या लांबून त्याला काय दिसणार? मग तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला, काच उन्हाकडे धरली आणि इकडून तिकडे फिरवली. सावकाश, काळजीपूर्वक, पाहणी करावी तशी. चष्म्याशिवाय तिला पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

"बघ," ती म्हणाली. "काय करतोय?"

"थांबला." मी टाचा उंचावल्या. "नाही, नाही. पुन्हा फिरवतोय. जोरात."

ती काच फिरवत राहिली. तिचे डोळे बारीक झालेले, पाण्याने भरलेले, नुसत्या करड्या धुक्याकडे लावलेले.

"पुढच्या शनिवारी बोट किती वाजता आहे?" तिने विचारलं.

ते वेळापत्रक तिने स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं.

"तीनला," मी म्हणाले. "पण पाटी आणू नकोस."